‘नको’ म्हणायचा हक्क

दिवसाचे तास चोवीस. आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या मुलांनी मात्र सत्तावीस तास खेळायला हवं होतं, तेव्हा कुठे गावाला कबूल केलेलं पाणी मिळालं असतं. हा हिशेब ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात २००९ साली छापून आला. योजनेचं नाव होतं प्लेपंप.

योजना दिसायला गोंडस होती. शाळेच्या अंगणात लोखंडी चक्र बसवायचं. मुलं त्यावर गरगर फिरणार, त्या फिरण्याने बोअरचं पाणी उंच टाकीत चढणार आणि खाली तोटीला येणार. टाकीच्या चारही बाजूंना फलक, त्यातले दोन जाहिरातींसाठी. जाहिरातींच्या पैशातून देखभाल भागणार. जागतिक बँकेने २००० साली या कल्पनेला बक्षीस दिलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी न्यूयॉर्कच्या व्यासपीठावरून १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर केली. २०१० पर्यंत आफ्रिकेत चार हजार पंप बसवायचे ठरले. हसणारी मुलं, उसळणारं पाणी, फोटो झकास.

पण आडगावातल्या टाकीवर जाहिरात देणार कोण? आणि मुलं दमली की काय? मुलं घरी गेली की ते जड चक्र कमरेत वाकून गोल गोल ढकलायचं काम बायकांच्या वाट्याला आलं. म्हाताऱ्या बायका, गरोदर बायका, सगळ्याच. साधा हातपंप यापेक्षा सोपा होता. अनेक ठिकाणी तर चालू हातपंप काढूनच हे चक्र बसवलं होतं. एकाची किंमत सुमारे १४ हजार डॉलर, म्हणजे हातपंपाच्या जवळपास चौपट. बिघडला तर गावात दुरुस्त करणारा माणूस नाही. त्या बायकांना आधी कुणी विचारलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी सांगितलं असतं, आम्हाला हातपंपच राहू द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. आंतरराष्ट्रीय मदत बिघडते ती घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून. गाडीवरची वांगी किडकी दिसली तर आपण पुढच्या गाडीवर जातो, आणि त्या भीतीनेच गाडीवाला माल निवडून ठेवतो. मदतीत ही भीतीच नाही. पैसे देणारा ऑस्लोत किंवा वॉशिंग्टनमध्ये बसलेला, वापरणारी बाई मोझांबिकमध्ये. तिची तक्रार पैसे देणाऱ्याच्या टेबलावर कधी पोचत नाही. तिथे पोचतात अहवाल, आणि अहवालात असतं किती पंप बसवले. किती चालतात, ते नसतं.

ऑस्लोचं नाव उगाच घेतलं नाही. नॉर्वेने केनियातल्या तुर्काना सरोवराकाठी मासे गोठवण्याचा मोठा कारखाना उभारला. तुर्काना हे गुरं राखणारे लोक. मासेमारी हा त्यांचा धंदाही नव्हे आणि आवडही नव्हे. वर रखरखीत उन्हाळ्यात शीतगृह चालवायला वीज हवी, स्वच्छ पाणी हवं, आणि त्या मुलखात ही दोन्ही सोन्याच्या भावाची. कारखाना मोजके दिवस चालला आणि बंद पडला. नॉर्वेच्या हेतूत खोट नव्हती. गुराख्याच्या गरजेचा निर्णय गुराख्याला वगळून झाला, खोट तिथे होती.

काही ठिकाणी मात्र हेतूतच खोट असते. अमेरिकेच्या कायद्यानुसार त्या देशाच्या अन्नमदतीतला निदान निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच जावा लागतो, मग भाडं कितीही पडो. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की सर्वांत मोठ्या अन्नमदत कार्यक्रमातला सुमारे ६५ टक्के पैसा वाहतूक आणि इतर खर्चात जातो. धान्याला उरतो राहिलेला. उपाशी माणसाच्या नावावर मंजूर झालेल्या पैशावर जहाजमालकाची पोळी भाजली जाते आणि तिला मदत म्हणतात. याला माझ्या भाषेत लूट म्हणतात.

त्याच वर्षी ‘केअर’ या मोठ्या मदतसंस्थेने एक धाडस केलं. अमेरिकी धान्य गरीब देशांच्या बाजारात विकून त्या पैशातून प्रकल्प चालवायचे, अशी तेव्हा रीत होती. त्यामुळे स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडतो, म्हणून आम्हाला हे धान्य नको, असं ‘केअर’ने जाहीर केलं आणि वर्षाला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास रकमेवर पाणी सोडलं. ‘नको’ म्हणण्यात केवढी ताकद असते, ते इथे दिसतं. पण हे म्हणण्याची ऐपत ‘केअर’कडे होती. रेशनच्या रांगेत उभ्या माणसाकडे ती नसते. आपल्याकडच्या १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या, त्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. पोट भरलं, हे खरंच. पण तुम्हाला काय चालेल, असं कुणी विचारलं नव्हतं.

या सगळ्यावर उपाय म्हणून २००५ मध्ये पॅरिसला मोठी परिषद झाली. मदत घेणाऱ्या देशाच्या योजनेप्रमाणे चालू, त्याचीच कार्यपद्धती वापरू, एकमेकांशी ताळमेळ ठेवू, असं देणाऱ्या देशांनी सही करून कबूल केलं. गरज होतीच. व्हिएतनाममध्ये मदतीच्या एका प्रकल्पासाठी पाच गाड्या घ्यायला अठरा महिने लागले होते आणि दीडशे सरकारी कर्मचारी त्यात गुंतले होते, कारण प्रत्येक देणाऱ्याचे खरेदीचे नियम वेगळे. पॅरिसमध्ये २०१० सालासाठी तेरा उद्दिष्टं ठरली. मुदत संपल्यावर मोजदाद झाली तेव्हा जगभरात मिळून गाठलेलं उद्दिष्ट एक. तेरापैकी एक! शाळेतल्या पोराने असे गुण आणले तर आपण त्याला घरी बसवू. इथे पुढच्या परिषदेचं निमंत्रण मिळालं.

मग मदत बंदच करावी का? अजिबात नाही. बंद करा म्हणणाऱ्यांनी २०२५ मध्ये काय केलं ते पाहा. अमेरिकेत ट्रम्प सरकारने उधळपट्टी थांबवायची म्हणून आधी परदेशी मदत गोठवली आणि पुढे ती वाटणारी ‘यूएसएड’ ही सरकारी संस्थाच मोडीत काढली. त्या गोंधळात दुबईच्या गोदामात सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं पडून राहिली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या उपाशी मुलांसाठी घेतलेली, जवळपास आठ लाख डॉलरची. वेळेत हलवायची परवानगी कुणी दिली नाही, मुदत उलटली आणि ती जाळून टाकायचं ठरलं. जाळायला पुन्हा लाखभर डॉलरचा खर्च वेगळा. उधळपट्टी थांबवण्याच्या नावाखाली झालेली ही उधळपट्टी, आणि तीही मुलांच्या तोंडच्या घासाची. एका मुलाचं पोट भरत नाही म्हणून दुसऱ्याचं ताट ओढून घेणाऱ्याला सुधारक म्हणायला मी तयार नाही.

कारण नीट दिलेली मदत चालते, आणि किती चालते ते मोजलेलं आहे. केनियात मच्छरदाण्यांवरून मोठा वाद होता. फुकट दिलं की माणूस वापरत नाही, थोडे पैसे घ्या म्हणजे किंमत राहील, असं शहाणेसुरते लोक सांगत. आपल्याकडेही हे वाक्य रोज ऐकू येतं. जेसिका कोहेन आणि पास्कलीन द्यूपा या अर्थतज्ज्ञांनी वाद घालण्याऐवजी करून पाहिलं. पश्चिम केनियातल्या सरकारी दवाखान्यांत तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना काही ठिकाणी मच्छरदाणी फुकट दिली, काही ठिकाणी वेगवेगळ्या दराने. चाळीस शिलिंग, म्हणजे जेमतेम साठ सेंट किंमत लावल्याबरोबर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी घसरलं. आणि फुकट नेणाऱ्या बायका ती पैसे देणाऱ्यांपेक्षा कमी वापरत होत्या, असं काही आढळलं नाही. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाचे सुमारे ६६ कोटी आजार टळले आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक वाटा मच्छरदाण्यांचा होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ‘फुकटची किंमत नसते’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

दुसरं उदाहरण नारूचं. जुन्या माणसांना पायातून निघणारा तो हातभर दोऱ्यासारखा किडा आठवत असेल. त्यावर औषध नाही, लसही नाही. १९८६ मध्ये जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ मध्ये पंधरा. पंधरा लाख नव्हे, पंधरा माणसं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा. हे घडलं कशाने? पाणी फडक्याने गाळून, पाणवठ्यात औषध टाकून, आणि गावोगावच्या स्वयंसेवकाने एकेका रुग्णाची नोंद ठेवून. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने आणि तिच्या सोबत्यांनी हे काम चाळीस वर्षं नेटाने लावून धरलं. किती फडकी वाटली यावर इथे यश मोजलं नाही. किती रुग्ण उरले यावर मोजलं. शून्य होईपर्यंत काम संपत नाही, एवढा साधा नियम.

आणि रोख पैसे? गरिबाच्या हातात पैसे दिले तर तो दारूत उडवेल, ही आपल्याकडची लाडकी समजूत. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी ठिकठिकाणचे पुरावे एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. पश्चिम केनियात दहा हजारांहून अधिक घरांना सुमारे हजार-हजार डॉलर दिले गेले, तेव्हा ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली. हातात पैसे आले की बाई स्वतः ठरवते, छपराचा पत्रा घ्यायचा की शेळी. नको ते ती घेत नाही. सगळ्या योजनांत ‘नको’ म्हणायचा हक्क इथेच पुरेपूर आहे, आणि म्हणूनच मोठाल्या कचेऱ्यांना ही योजना खुपते.

आता आपल्याकडे वळतो. ‘नको’ म्हणायची ताकद आली तेव्हा भारताने ती वापरली. २००३ मध्ये आपण बहुतेक छोट्या देणगीदार देशांना सांगितलं, तुमची मदत आता पुरे, आणि तुमच्याकडूनच माल घ्यायच्या अटीची तर नकोच. मला त्याचा अभिमान आहे. पण आज देणारे आपण आहोत. मुंबईतल्या कफ परेडला मुख्यालय असलेली एक्झिम बँक भारत सरकारच्या वतीने आफ्रिकेतल्या आणि इतर देशांना सवलतीचं कर्ज देते, आणि त्या कर्जातून होणाऱ्या खरेदीत साधारणपणे किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. जी अट आपल्याला नको होती, तीच आपण आपल्याहून गरिबावर लादतो. आपल्या कारखान्यांना काम मिळतं, हे कारण मला मान्य नाही. अमेरिकी जहाजमालकही हेच कारण सांगतो.

भारत सरकारकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, घेणाऱ्या देशाला माल जिथे स्वस्त आणि चांगला मिळेल तिथून घेऊ द्या. आपला माल तसा असेल तर तो आपोआप खपेल. दोन, आपल्या कर्जातून उभा राहिलेला प्रत्येक पूल, प्रत्येक साखर कारखाना, प्रत्येक वीजवाहिनी पाच वर्षांनी चालू आहे का बंद, याची यादी दरवर्षी संसदेत ठेवा. तीन, प्रकल्प जिथे उभा राहणार तिथल्या लोकांची सभा झाल्याशिवाय आणि त्यांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका.

पैसा आपल्या करातला आहे, म्हणून त्याचा जाब विचारायचा हक्क आपला. जगायचं त्यांना आहे, म्हणून ‘नको’ म्हणायचा हक्क त्यांचा. हे दोन्ही हक्क करारात लिहा, मगच सही करा.