सात हाली, सहा कलदार

रुपया घसरल्याची बातमी केमला पोचायला वेळ लागत नाही. करमाळा तालुक्यातले हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध, त्यामुळे लाल रंगाचे इथे कुणाला वावडे नाही. पण शेअर बाजाराच्या आकड्यांतला लाल रंग दिसला की टपरीवरचा चहा कडू होतो. लगेच कुणीतरी मोबाइल पुढे करतो. मजकूर ठरलेला: ‘1947 साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, पुढाऱ्यांनी वाटोळे केले.’ कोणत्या पुढाऱ्यांनी, हे मोबाइल कुणाचा आहे त्यावर ठरते.

आता हिशेब. तेव्हा रुपया बांधलेला होता पौंडाला. 1927 च्या कायद्याने त्याची किंमत ठरली 1 शिलिंग 6 पेन्स. म्हणजे एका पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. पौंड होता 4.03 डॉलरचा. भागाकार केला की डॉलर पडतो 3 रुपये 31 पैशांच्या आसपास. पण भागाकार कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्यातली गंमत पुढेच आहे. 1927 मध्ये हा दर सरकारने लादला, तेव्हा आपले व्यापारी आणि राष्ट्रीय पुढारी खवळले होते. का? तर रुपया फार महाग ठेवला म्हणून! त्यांना हवा होता 1 शिलिंग 4 पेन्सचा स्वस्त रुपया, म्हणजे इथला कापूस परदेशात खपेल आणि विलायती माल इथे महाग पडेल. तेव्हाचा देशभक्त रुपया खाली आणा म्हणून भांडत होता, आजचा देशभक्त तो वर न्या म्हणून भांडतो. देशभक्ती तीच, फक्त पारडे बदलले.

डॉलर फार लांब राहिला. केमकरांच्या आज्या-पणज्यांना विनिमयाचा दर कळायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नव्हते. सीना ओलांडून परंड्याला गेले तरी पुरे. अलीकडे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा, पलीकडे निजामाचे राज्य. अलीकडे कलदार, पलीकडे चारमिनारची छाप असलेला हाली शिक्का. दर सहा कलदारांना सात हाली. भवानीच्या दर्शनाला तुळजापूरला निघालेल्या भाविकाने दहा कलदार पुढे केले, तर हिशेबाने हातात यायचे 11 रुपये 10 आणे 8 पै. सराफाने वटाव कापला तर तो वेगळा. देवीच्या पायांशी पोचायच्या आधीच माणूस त्रैराशिकात पक्का व्हायचा.

अलीकडच्या लोकांना आपला रुपया वजनदार असल्याचा तोरा मिरवता आला असता. फक्त त्या वजनदार रुपयावर मुंडके इंग्लंडच्या राजाचे होते. पलीकडे निजाम सरकारचा तोरा त्याहून मोठा: स्वतःचे नाणे तर होतेच, 1918 पासून स्वतःच्या नोटाही आल्या. 1947 च्या अखेरीस तर त्यांनी भारतीय चलन आपल्या राज्यात चालणार नाही असा वटहुकूम काढला आणि पाकिस्तानला 20 कोटी रुपये कर्ज देऊ केले. ते कर्ज देऊ केले होते भारत सरकारच्या रोख्यांत! शेजाऱ्याचे चलन बाद, शेजाऱ्याचे रोखे मात्र दानाला चालतात, असे हे अर्थशास्त्र. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली आणि चार-पाच दिवसांत तो तोरा उतरला.

इकडे कलदाराचा वारस मात्र घसरत राहिला. 1949 मध्ये पौंडाबरोबर खाली येऊन डॉलर झाला 4.76 रुपयांचा. 6 जून 1966 रोजी एका फटक्यात 7.50. जुलै 1991 मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन, शिवाय सोने गहाण. 2022 मध्ये ऐंशीचा टप्पा ओलांडला. प्रत्येक वेळी विरोधी पक्षाला रुपयाची इज्जत आठवली आणि सत्तेत आल्यावर तोच पक्ष जागतिक परिस्थिती समजावून सांगू लागला.

आमच्या तालुक्याची अडचण तर वेगळीच आहे. कंदरच्या बाजूची केळी आखातात जातात. रुपया घसरला की निर्यातदाराला जास्त रुपये मिळतात; त्यातले बागायतदारापर्यंत किती झिरपतात, हे विचारू नये. त्याच बागेला लागणारे पोटॅश मात्र बाहेरून येते आणि डिझेलचे कच्चे तेलही बहुतेक बाहेरूनच येते. म्हणजे घड तोडताना रुपया घसरावा असे वाटते आणि खताच्या दुकानात शिरताना वधारावा. एकाच माणसाने सकाळी कुणाला शिव्या द्यायच्या आणि संध्याकाळी कुणाला, याचे मार्गदर्शन मोबाइलवरच्या मजकुरात नसते.

तेव्हा वाचकहो, पुन्हा कुणी रुपयाची इज्जत काढली, तर त्याला हालीची गोष्ट सांगा. 1950 मध्ये भारतीय रुपया हैदराबादेत आला, तेव्हाही दर सहाला सातच होता. शेवटपर्यंत हाली तिथून हलला नाही. 1959 मध्ये तो कायमचा रद्द झाला. आता तो नाणी जमवणाऱ्यांच्या कपाटात असतो. घसरत घसरत आलेला रुपया मात्र केमच्या बाजारात अजून चालतो.