पुण्यात गाडी न्यायची असेल तर : वेळापूरकरांसाठी मार्गदर्शन

पुण्यात नोकरी लागली, खोली मिळाली, आता गाडी घेऊन जायचं आहे, अशा वेळापूरकरानं अजिबात बिचकू नये. लायसन्स आरटीओ देतं, पण खरं शिक्षण आपलं गावातच झालेलं असतं. निम्मं ऊस शिकवतो, निम्मं वारी. ते पुण्यात वापरायचं कसं, एवढंच कोणी सांगत नाही.

आधी मनाची तयारी. टॉमटॉमच्या २०२४च्या जागतिक निर्देशांकात संथ वाहतुकीत पुण्याचा नंबर चौथा आला. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. तेवढ्या वेळात आपण अकलूजला पोचून, चहा पिऊन, बिल कोणी द्यायचं यावर हुज्जतही घालतो. तिकडे ही हुज्जत गाडीतच, मोबाईलवर उरकावी.

जाताना माउलींच्या रस्त्यानं उलटं जावं : नातेपुते, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड. पालखी जो दिवे घाट चढून येते, तो तुम्ही उतराल आणि हडपसर लागेल. इथून परीक्षा सुरू.

गाळप हंगामात डबल ट्रॉलीच्या मागं गाडी चालवलेल्या माणसाला हडपसर अवघड नाही. मागची ट्रॉली डावीकडे झुलली म्हणजे ट्रॅक्टर डावीकडे वळणार असं नसतं, ती नुसती झुलते. टेपचा आवाज असा की तुमचा हॉर्न ड्रायव्हरला गाण्यातलाच वाटतो. त्याचा हात बाहेर आला तर अर्थ तीन : पुढं जा, जाऊ नका, किंवा तो तंबाखू थुंकतोय. पुण्यात हाताच्या जागी रिक्षावाल्याचा पाय बाहेर येतो. पाय निघाला की रिक्षा त्या बाजूला वळलीच समजावं; इंडिकेटर लागलेला असेल तर तो कालपासून तसाच आहे.

एक गैरसोय मात्र आहे. इथं ट्रॉली खोळंबली की एखादी कांडी ओढून चघळत बसता येतं. चांदणी चौकात २०२२ साली जुना पूल स्फोटानं पाडला, नवीन रस्ते बांधले, पण ओढून खाण्यासारखं काही ठेवलेलं नाही. शेंगदाणे न्यावेत.

आता वारी. खुडूस फाट्याचं रिंगण झालं की वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला नि ते धावत सुटले, अशी आख्यायिका. त्या उतारावर एवढा मोठा समाज पळतो, म्हातारी माणसंसुद्धा, आणि कोणी कोणाला कट मारत नाही. पुण्यातला धावा सिग्नल हिरवा व्हायच्या तीन सेकंद आधी सुटतो. कळस कोणालाच दिसत नसतो, तरी सगळे पळतात. तुम्ही थांबलात तर मागचा माणूस तुम्हाला गाव विचारील. सांगू नये.

रथापुढं २७ दिंड्या, बाकीच्या मागं, प्रत्येकीला नंबर. नंबर सोडून कोणी पुढं घुसत नाही. ही सवय घाटातच ठेवून यावी. पुण्यात फुटपाथवरून जी दिंडी येते तिला नंबर नसतो, हेल्मेटही नसतं, आणि रस्ता अडवल्याबद्दल तीच तुमच्याकडे रागानं बघते.

शेवटचं हॉर्नचं. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग एकदम बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकतो. पुण्यात चौकात सगळेच वाजवत असतात, तेव्हा सगळ्यांचीच तक्रार आहे हे ओळखावं. चोपदाराची वाट बघत बसू नये. दिवा हिरवा झाला की गिअर टाकून निघावं, कारण मागचं वाजवणं बहुतेक तुमच्याच नावानं चाललेलं असतं.