हुंदका मध्येच अडकल्याबद्दल

प्रति,
मा. निर्माते व दिग्दर्शक,
हृदयस्पर्शी-कौटुंबिक चित्रपट विभाग, मुंबई.

विषय : भोरचा राजवाडा पडद्यावर आल्याने आमच्या घरात कोणालाच धड रडता येत नसल्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. माझं माहेर भोर आणि सासर वेल्हे. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तसं ठरवलं. पण चेलाडी फाट्यावर वडापवाले अजून ‘वेल्हे, वेल्हे’ असंच ओरडतात, म्हणून मीही जुनंच लिहिते. शूटिंगच्या गाड्या घेऊन याल तेव्हा चुकायला नको.

तक्रार अशी की, रात्रीची भांडी आवरून आम्ही सगळे तुमचा चित्रपट लावून बसतो. वडील मरणाला टेकलेले, धाकटी लेक दारातून धावत येतेय, व्हायोलिन सुरू झालंय. माझा पदर डोळ्यांपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच सासूबाई म्हणतात, “आगं, ह्यो भोरचा वाडा न्हवं? त्या खांबापाशी पावसाचं थांबलो व्हतो आपण, दाखल्याच्या टायमाला.” झालं. पुढे वडील कधी गेले ते कोणाला कळतच नाही. दाखला शेवटी मिळाला कसा आणि तेव्हा छत्री कोणी विसरली, यावर चर्चा होते. छत्री मी विसरले होते, असं बहुमताने ठरतं.

भोरचे संस्थानिक असलेल्या पंतसचिवांनी १८६९ मध्ये हा वाडा बांधला तो आपल्या राहण्यासाठी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. त्यानंतर त्या वाड्याला जितकी कुटुंबं तुम्ही मिळवून दिलीत, तितकी खुद्द पंतसचिवांच्या वंशवेलीतही नसतील. कधी तिथे पेशवाई नांदते, कधी इनामदार, कधी अमेरिकेहून परतलेला नातू. सगळ्यांचं अंगण एकच, जिने तेच. सासूबाईंना आता त्यातली पायरी न् पायरी पाठ आहे आणि नायिका पडणार ती कुठल्या पायरीवर, हे त्या आधीच सांगतात.

घाटाचंही तेच. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात. तुमचा नायक मात्र नेमका भर पावसात त्याच घाटातून गाडी हाणत प्रेयसीच्या लग्नाला वेळेवर पोहोचतो. आमच्या नणंदेच्या सासरची माणसं साखरपुड्याला ताम्हिणीवरून वळसा घालून आली आणि जेवणं चार वाजता झाली. तुमचा नायक घाटात कोण्या खात्याचा पास दाखवतो, तेवढं त्यांना कळवावं.

जेवणावरून आठवलं. तुमच्या वाड्यात पंगत बसते, चांदीची ताटं येतात, आजी प्रेमाने वाढते आणि पहिला घास तोंडाशी जाण्याआधीच कोणीतरी उठून जातं. इतक्या वर्षांत तुमच्याकडे एक माणूस पोटभर जेवलेला पाहिला नाही. आमच्याकडे इंद्रायणीचा भात उतरला की वास ओसरीपर्यंत जातो. हे वाण १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलं, आंबेमोहोर त्याच्या रक्तात आहे. तो वास आल्यावर रुसून ताटावरून उठणारा माणूस मला एकदा प्रत्यक्ष पाहायचा आहे. आमच्याकडे रुसवे असतात, पण ते ताक-भात झाल्यावर.

आता प्राण्यांविषयी. ‘तेरी मेहरबानियाँ’मधल्या कुत्र्याने १९८५ मध्ये मालकाच्या खुनाचा सूड एकेकाला गाठून घेतला. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने आधी क्रिकेटची पंचगिरी केली आणि मग चिठ्ठी योग्य माणसाकडे पोहोचवून एक लग्नच फिरवलं. कुत्र्याने पराक्रम करावा, हे आम्हालाही मान्य आहे. शाहू महाराजांना ज्याने वाघापासून वाचवलं असं सांगतात, त्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहेच. पण आमच्या वाघ्याकडे पाहून घरची मुलं आता विचारू लागली आहेत की, हा करतो काय?

वाघ्या चिठ्ठी पोहोचवत नाही. त्याने विजेचं बिल खाल्लं, तेही भरण्याआधी. सूड म्हणाल, तर पोस्टमन दिसला की तो बाजेखाली जातो. त्याच्या गळ्यात धनगरांच्या कुत्र्यांना घालतात तसला खिळ्यांचा पट्टा आहे, कारण बिबट्या मानेलाच धरतो. पट्टा चढवताना तो मान अशी ताठ करतो की, गावाची राखण याच्यावरच आहे असं वाटावं. मग अंधार पडला की पहिला घरात तोच शिरतो. भिजलेला. येऊन टीव्हीसमोर अंग झटकतो, आणि तुमच्या नायिकेच्या अश्रूंच्या आधी आमच्या पडद्यावर वाघ्याचं पाणी ओघळतं.

मनी मांजर सेट-टॉप बॉक्सवर झोपते, कारण तो गरम असतो. शेपूट पुढे सोडते ती बरोबर रिमोटच्या खिडकीवर. त्यामुळे जाहिराती लागल्या की आवाज कमी करायला धाकटीला उठून शेपूट उचलून धरावी लागते. चित्रपट सुरू झाला की शेपूट खाली. हे काम कोणी करायचं, यावरून दोन्ही पोरींत पाळ्या ठरल्यात आणि त्या पाळ्यांची आता विक्रीही होते.

एकदाच तुमच्यातल्या एकाने आमचा खरा घात केला. मंगेश हाडवळेंचा ‘टिंग्या’, २००८ चा. जुन्नरकडचं पोर आणि त्याचा चितंग्या बैल. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून बैल अधू होतो आणि बाप त्याला विकायला निघतो. त्यात वाडा नव्हता, पायऱ्या नव्हत्या, त्यामुळे सासूबाईंना ओळखायला काहीच मिळालं नाही. वर जिल्हा आमचाच, बिबट्याही आमच्याच ओळखीचा. बेंदराला स्वतः शिंगं रंगवून बैलांना पुरणपोळी चारणारे सासरे मध्येच उठले. “बैलांना पाणी दाखवून येतो,” म्हणाले. रात्री दहा वाजता! बऱ्याच वेळाने आले आणि गोठ्यातला दिवा फार डोळ्यांत जातो, असं कोणी न विचारता सांगितलं.

तरी विनंती की, यापुढे आम्हाला रडवायचं असेल तर चित्रपट दुसऱ्या गावात काढावा. भोरलाच काढायचा असेल तर किमान वडिलांना त्या खांबापासून चार हात लांब मारावं. आणि पंगतीतल्या एखाद्याला तरी जेवू द्यावं.

आपली,
एक प्रेक्षक (माहेर भोर, सासर वेल्हे)

ता. क. – वाघ्यासाठी काम असल्यास जरूर कळवावं. भूमिका कुठलीही चालेल, कथेत बिबट्या नसावा. रात्रीचं शूटिंग जमणार नाही, आणि पटकथेचे कागद त्याच्यापासून उंचावर ठेवावेत.