प्रकल्प आणि गैरहजेरी

घरशाळेचं वारं आता ठाणे जिल्ह्यात, नाणेघाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्यापर्यंत पोचलंय म्हणायचं. पाऊस धरला की मुंबईची गाडी येते. मूल रेनकोटासकट बांधावर उतरतं आणि खेकड्याचं बीळ बघून विचारतं, ‘हा आत श्वास कसा घेतो?’ आईला भरून येतं. मग कल्ल्यांचं चित्र, तेही चिखलाच्या रंगात. झाला प्रकल्प! शेजारी गावचं पोरगं बिळात हात घालून, नांग्या चुकवत तोच खेकडा पाठीकडून धरतं. शाळेत त्याची नोंद: गैरहजर. बीळ तेच, कुतूहल तेच. कॅमेरेवाला पालक तेवढा हवा.

वर नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, कार्षापण नाणी, सगळा हिशेब ब्राह्मी अंकांत. गणित, इतिहास आणि कोरीवकाम एकाच ठिकाणी! पाहुणे वाऱ्याने वर उडणाऱ्या उलट्या धबधब्यापुढे सेल्फी काढून उतरतात.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली होती. तिची फॅशन काही झाली नाही. गुरांना वीकेंड नसतो ना.