समंधशास्त्री

कुठल्याही जुन्या वाचनालयात एक गृहस्थ काउंटरला कोपर टेकून उभे असतात. ते सभासद आहेत की मालक, हे नव्या माणसाला पहिले काही महिने कळत नाही. आपण एखादी नवी भयकादंबरी उचलली की ते ती आपल्या हातातून हळूच काढून घेतात, मलपृष्ठ वाचतात, नाकातून हवा सोडतात आणि परत देतात. एवढ्यात परीक्षण झालेलं असतं. तपशील हवे असतील तर मात्र थांबावं लागतं आणि वाचनालय बंद व्हायची वेळ पाळता येत नाही.

या जमातीला मी समंधशास्त्री म्हणतो. माणसं साधी असतात. बँकेतून, पोस्टातून, नाहीतर शाळेतून निवृत्त झालेली. घरात ‘नवल’ आणि ‘धनंजय’चे जुने दिवाळी अंक, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली इंद्रजाल कॉमिक्स आणि त्या पिशव्यांना हात लावू नये अशी घरभर ताकीद. इंद्रजाल १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. मधल्या काळात ज्यांनी सुट्टीत पैसे साठवून वेताळ आणि मँड्रेक विकत घेतले, त्यांच्या मते चित्रकथा ही कला १९९० मध्येच वारली. पुढे जे आलं ते तिचं वर्षश्राद्ध.

शास्त्रीबुवा पुस्तकाला कवट्या देतात, पाचपैकी. पाच कवट्या त्यांनी एकाही जिवंत लेखकाला दिलेल्या नाहीत. बहुतेक पुस्तकं अडीचवर अडकतात. अर्धी कवटी कशी असते असं एका पोराने विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘‘जबडा नसलेली.’’

गुण कापण्याची कारणं मात्र शास्त्रशुद्ध असतात. मुंजा पिंपळावरच हवा, वडावर दिसला की एक कवटी गेली. हडळीचे पाय उलटे असतात, तर जिन्यावरच्या ओल्या पावलांची दिशा लेखकाने नीट हिशेब करून दिली आहे का? चकवा माणसाला वाट चुकवतो, पण नायकाच्या मोबाईलमध्ये नकाशा चालू असेल तर त्याची काय सोय? हे प्रश्न ते नवोदित लेखकाला भर कार्यक्रमात विचारतात. हिंजवडीच्या चौदाव्या मजल्यावर गिऱ्हा दाखवणाऱ्या एका कादंबरीची त्यांनी अशीच साल काढली. गिऱ्हा पाण्यातला, त्याला एवढ्या उंचावर चढवायचा अधिकार लेखकाला कुणी दिला? मागच्या रांगेतून कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, ‘‘काका, टाकी गच्चीवरच असते ना!’’ शास्त्रीबुवा बराच वेळ गप्प राहिले आणि त्यांनी अर्धी कवटी परत केली. हा मोठेपणा सगळ्या समीक्षकांत नसतो.

चाहत्यांमध्ये दोन तट आहेत, धारपांचा आणि मतकरींचा. शास्त्रीबुवा धारपांचे, पण मतकरींच्या माणसांशी बोलणं टाकलेलं नाही. त्यांची मांडणी अशी, की नारायण धारपांचं भय बाहेरून येतं, वाड्यातून, विहिरीतून, गावाबाहेरून, आणि त्याचा बंदोबस्त करायला त्यांच्या कथांतले समर्थ येतात. रत्नाकर मतकरींचं भय आधीपासून घरातच असतं, शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसलेलं, आणि तिथे कुणीही येत नाही. मला हे पटतं. गूढकथेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एवढं नेमकं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वरून आली आणि ‘शपथ’ त्याच्याच ‘इट’वरून, हे जाणकारांना ठाऊक आहे. शास्त्रीबुवांनाही आहे. पण त्यांनी ‘लुचाई’ आधी वाचली आणि किंग बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे आजही किंगचं पुस्तक हातात घेतलं की त्यांच्या तोंडून निघतं, ‘‘बरं जमलंय, पण धारपांची सर नाही.’’ अमेरिकेतल्या गावाऐवजी आपला वाडा असता तर मजा आली असती, अशी सूचनाही ते करतात. ‘तुंबाड’ पाहून थिएटरबाहेर थरथरत उभ्या असलेल्या पोरांना त्यांनी गाठलं ते धारपांच्या कथेत त्याचं बीज कुठे आहे हे सांगायला. पोरांची थरथर जागीच थांबली.

चित्रकथांच्या बाबतीत त्यांचं ज्ञान खरंच पक्कं आहे. दचकवणारं चित्र कधीही उजव्या पानावर टाकू नये, म्हणतात. पान उघडताच डोळा आधी तिकडे पळतो आणि भूत वेळेआधी भेटतं. ते पान उलटल्यावर, डाव्या बाजूला हवं, म्हणजे वाचक स्वतःच्या हाताने दार उघडतो. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवाल्यांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिने अंकाच्या नावात ‘हॉरर’ हा शब्दच चालणार नाही असं ठरवलं, रक्तपिपासू आणि चालते मुडदेही हद्दपार केले. हा प्रसंग ते हळहळत सांगतात. पण नव्या लेखकाचं पुस्तक नुकतंच वाचलेलं असलं, तर तोच प्रसंग आशेने सांगतात.

जुन्जी इतोची ‘उझुमाकी’ एका तरुण सभासदाने त्यांना आणून दिली. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात, म्हणून चुकीच्या बाजूने उघडणाऱ्याला थांबवणारी सूचना त्या बाजूला छापलेली असते. शास्त्रीबुवांना ती सूचना गोष्टीचाच भाग वाटली. ‘‘पहिल्याच पानावर वाचकाला परत फिरायला सांगतो, हिंमत लागते,’’ म्हणून त्यांनी तिला स्वतंत्र अर्धी कवटी दिली आणि पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून संपवलं. परीक्षण उत्तम होतं. गावाचा विनाश आधी आणि कारण नंतर, ही रचना त्यांना फारच धाडसी वाटली.

हे सगळं ऐकायला पोरं जमतात, हसतात, वाद घालतात. त्यांना विचारायचा असतो मात्र एकच प्रश्न: वाचताना भीती वाटते का? शास्त्रीबुवा कथानक सांगतात, ऋण कुणाचं ते सांगतात, मुद्रितशोधनाच्या चुका सांगतात. या प्रश्नापाशी आले की चष्मा पुसू लागतात. इतकी भुतं तपासलेल्या माणसाला भूत दिसत नाही, त्याचे कागदपत्र दिसतात.

म्हणून पोरांनी दुसरी व्यवस्था केली. शास्त्रीबुवा वाचनालयात असतात त्या वेळेला त्यांच्या घरी फोन जातो. ‘‘वहिनी, ते काळ्या कव्हरचं पुस्तक वाचलंत का?’’ वहिनींना धारप-मतकरी वाद माहीत नाही. त्या हाताला लागेल ते वाचतात. ‘‘निम्मं वाचलं,’’ त्या सांगतात, ‘‘मग लसूण सोलायला घेतला. दोन गड्ड्या झाल्या तरी स्वयंपाकघरातून उठून दिवाणखान्यात जावंसं वाटेना.’’ त्या आठवड्यात त्या पुस्तकाची वाचनालयातली प्रत जागेवर मिळत नाही.

परवा एक नवा लेखक भीत भीत काउंटरपाशी आला. त्याच्या कादंबरीला दोन कवट्या मिळाल्या होत्या. त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, ‘‘आणि वहिनी काय म्हणाल्या?’’

‘‘तिचं काय विचारता!’’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘‘रात्री पुस्तक खोलीत नको म्हणाली. गॅलरीत नेऊन ठेवलं आणि वर कुंडी ठेवली.’’

लेखकाचा चेहरा उजळला. हे वाक्य दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर छापलं तर चालेल का, असं त्याने विचारलं.

‘‘छापा,’’ शास्त्रीबुवा म्हणाले, ‘‘पण आधी कुंडी कसली होती ते विचारून घेऊ. तुळशीची असेल तर त्याला अभिप्राय म्हणता येणार नाही. तो बंदोबस्त झाला.’’