अशक्त टक्क्यांचा केअर प्लॅन

रुग्ण: टक्के. वय: तीन वर्षं. पत्ता: मनीषनगर, नागपूर, तिसरा माळा, लिफ्ट बंद. मुख्य तक्रार: वर चढवत नाही.

एवढं लिहिलं की निम्मा केअर प्लॅन झाला. आयुष्यभर नर्सिंगच्या पोरींचं मी हेच तपासलं. 'कारण कुठे?', 'पुरावा कुठे?' असं लाल पेनानं लिहून लिहून अंगठा वाकडा झाला. निवृत्त झाले तर केस घरी चालत आली. वरच्या माळ्यावरची पोरगी बी.एस्सी. नर्सिंगची सहा सेमिस्टर उरकून बसली आहे. सीजीपीए ५.३, आणि डोळे एम.एस्सी.कडे. नातेवाईक पेशंटचा वाईट रिपोर्ट आणतात तशी घडी घातलेली मार्कशीट तिनं पुढे केली आणि विचारलं, "काकू, हे वाढते का?"

ज्यांच्या घरी असा पेशंट असेल त्यांनी पुढील उपचार करावेत.

आधी व्हायटल्स घ्यावेत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे एम.एस्सी.ला बी.एस्सी.चे ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना पाचाची सवलत. शिवाय राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आणि पास झाल्यावर वर्षभराचा अनुभव. एम्सच्या परीक्षेला बसायचं तर ६० हवेत. मिहानमधलं एम्स आमच्या गच्चीवरून हाकेच्या अंतरावर वाटतं, म्हणून पोरीच्या आईला ते ६० सुद्धा जवळच वाटतात. हा एक प्रकारचा भ्रम असून तो निरुपद्रवी आहे. औषध देऊ नये.

मग निदान. निदान एका वाक्यात, कारणासह आणि पुराव्यासह लिहावं, नाहीतर मी अर्धा मार्क कापते. 'टक्क्यांचं कुपोषण, कारण पहिल्या सेमिस्टरची अॅनाटॉमी, पुरावा सोबत जोडलेली मार्कशीट.' अॅनाटॉमीवर आता शोक करू नये. पास झालेला पेपर म्हणजे डिस्चार्ज झालेला पेशंट. त्याच्या कॉटशी उभं राहून सलाईन लावता येत नाही.

आता आकडेमोड. ही उपाशीपोटी करू नये. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरू (ते नसतात, पण केअर प्लॅनमध्ये एवढं चालतं). सहा सेमिस्टरचे ५.३ म्हणजे ३१.८. आठाअखेर ५.५ हवे असतील तर एकूण ४४ लागतात. म्हणजे उरलेल्या दोन सेमिस्टरला प्रत्येकी ६.१. जमेल. एकूण ६ हवे असतील तर प्रत्येकी ८.१. घाम फुटेल, पण माणूस जगेल. पोरीच्या वडिलांनी मात्र ७.५ चा आग्रह धरला. त्यासाठी उरलेल्या दोन्ही सेमिस्टरला दहापैकी १४.१ लागतात. मी त्यांना तो आकडा दाखवला. ते म्हणाले, "मेहनत केली तर काय होत नाही?" बाप्पा, यांचं बीपी घेतलं पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. २०२१ साली कौन्सिलनं बी.एस्सी.ला सेमिस्टर आणि दहा पॉईंटांची पद्धत आणली. त्यात ५० पासून ५९.९९ पर्यंत सगळ्यांना पॉईंट ५. म्हणजे रात्र रात्र जागून ५९ आणणारी आणि सिरियल बघून ५० आणणारी, दोघी एकाच पायरीवर बसून शेंगदाणे खातात. ६० ला ६, ६५ ला ७. पण तिथून ७४.९९ पर्यंत पुन्हा सातच. मग ७५ ला ८, ८० ला ९, ८५ ला १०. म्हणजे ६५ वरून ७४ वर जायला उपसलेले कष्ट गणपतीबरोबर विसर्जित झाले समजायचे, आणि ७४ वरून ८५ वर जाणाऱ्या अकरा मार्कांत मात्र तीन पॉईंट पदरात. म्हणून अभ्यासाला बसताना विषय आवडीचा की नावडीचा हे पाहू नये. तो पायरीच्या किती जवळ येऊन ठेपला आहे ते पाहावं. ५८ वाल्या विषयाला आयसीयूत घ्यावं, ६८ वाल्याला जनरल वॉर्डात पडू द्यावं. आणि प्रवेशाचा फॉर्म टक्के मागतो की सीजीपीए, हे आधी वाचावं. मार्कांची थेट बेरीज करून ५७ टक्के असलेली मुलगी पॉईंटांत ५.२ निघू शकते, मग घरात दोन दिवस स्वयंपाक होत नाही.

यानंतर इंटर्नल. थिअरीच्या शंभरात २५ मार्क कॉलेजच्या हातात. त्यांतले १० सेमिस्टरभराच्या कामाचे. ते ३० पैकी मोजून तिनानं भागतात, आणि त्या ३० मध्ये हजेरीचे २. तेही ९५ टक्के किंवा त्याहून जास्त हजेरी असेल तरच पूर्ण. म्हणजे सेमिस्टरभर रोज सकाळी बेसा रोडच्या गर्दीतून स्कूटी काढली तर हाती येतो दोन तृतीयांश मार्क. पेट्रोलचा हिशोब यात धरलेला नाही. तरीही हा डोस चुकवू नये, कारण ५९.४ वर अडकलेल्या पोरीला विचारा दोन तृतीयांश म्हणजे काय ते.

प्रॅक्टिकलला निम्मे मार्क इंटर्नलचे. इथे मात्र वॉर्डातल्या सिस्टरशी सलोखा ठेवावा. बाई चिडली की लॉगबुकवर सही करायला तिला पेन सापडत नाही.

अभ्यासाच्या वेळेबद्दल मनीषनगरकरांना वेगळी सूचना. पूर्वी आमच्याकडे रेल्वेचं फाटक होतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई, दोन्हींच्या गाड्या नागपूर-वर्धा याच पट्ट्यातून जातात, त्यामुळे फाटक उघडं असणं ही बातमी असायची. त्या काळच्या पोरींनी फाटकावर उभ्या उभ्या ड्रग बुक पाठ केलं आहे; एका मालगाडीत दोन अँटिबायोटिक्स सहज व्हायची, डोस आणि साइड इफेक्टसकट. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये उड्डाणपूल झाला. सगळे खूश. टक्क्यांचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. ज्यांना सक्तीची उजळणी हवी असेल त्यांनी मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसावं. बाहेर पडता येत नाही आणि त्या घरघरीत फोनवर बोललेलंही ऐकू येत नाही.

कोणी म्हणेल, नर्सला मार्कांनी काय मोजायचं? हा वाद जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनला शाळा काढली, तिथे दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरत. वेळेवर येणं, विश्वासूपणा, टापटीप आणि शांतपणा असे त्यात वेगवेगळे रकाने, आणि शेरे उत्तमपासून थेट शून्यापर्यंत. पुढे परीक्षा घेऊन नर्सेसची सरकारी नोंदणी करायची टूम निघाली तेव्हा याच बाई विरोधात उभ्या राहिल्या. चांगली नर्स परीक्षेत दिसत नाही म्हणाल्या. शांतपणाच्या रकान्यात आमच्या हॉस्टेलच्या एकाही बॅचला भोपळ्यापलीकडे काही मिळालं नसतं, हा भाग वेगळा.

सगळे उपाय करूनही टक्के ५४ वर अडकले तर घाबरू नये. नोंदणी झालेल्या नर्सला क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी, नवजात शिशू अशा विषयांत वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. त्याची पाटी दारावर लावायला छोटी पडते, पण रात्री तीन वाजता व्हेंटिलेटर ओरडायला लागला की वॉर्डातले सगळे त्या मुलीलाच शोधतात.

हे सगळं सुवाच्य अक्षरात, रकाने आखून मी पोरीला दिलं. ती जिन्यातच उभी राहून वाचत होती. थोड्या वेळानं खाली आली.

"काकू, प्लॅन चांगला आहे. पण इव्हॅल्युएशनचा कॉलम कोराच ठेवला तुम्ही."

"ते तुझा निकाल लागल्यावर भरायचं."

"तसं नाही चालत म्हणे. आमच्या मॅडम तर दोन मार्क कापते." आणि माझंच लाल पेन टेबलावरून उचलून तिनं कोपऱ्यात लिहिलं: १० पैकी ५.