पावसात मिटणाऱ्या छत्रीबाईंस

मु. पो. कामथडी, ता. भोर, जि. पुणे
आषाढ शुद्ध द्वादशी, पारणं झाल्यावर

श्रीमती छत्रीबाई,
वास्तव्य न्हाणीघराचा पत्रा, यांस
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण वर मजेत असाल. असायलाच हव्यात. मागच्या महिन्यात आपल्याला चार नवे नटबोल्ट घातले. त्याआधी वळवाच्या वाऱ्यानं आपली मान मुरगळली, तेव्हा ती सरळ करायला कापूरहोळचा पोरगा दोनशे रुपये घेऊन गेला. एवढी सरबराई या घरात जावयाचीसुद्धा झालेली नाही.

मला पहिली शंका आपल्या नावाचीच आहे. शहरात आपल्याला डिश म्हणतात. इकडे छत्री. टीव्ही घेतला की छत्री बसवायची, पॅक संपला की ‘छत्रीचे पैसे भरायचेत’ म्हणायचं. आता छत्री पाऊस आल्यावर उघडतात, हे अंगणवाडीतलं पोरही सांगेल. पहिली सर आली की मिटून बसणारी छत्री मी जन्मात एकच पाहिली. उन्हाळ्यात मात्र आपण ठणठणीत. मे महिन्याच्या भर दुपारी, घरातलं माणूस न् माणूस आडवं झालेलं असताना, चित्र कसं काचेसारखं!

किरकोळ तक्रारी एका दमात उरकतो. रिमोट दोन आहेत, आणि आवाज नेमका कोणत्यानं वाढवायचा हे आईला सात वर्षांत उमगलेलं नाही. वाहिन्यांचे नंबर भाडेकरूंसारखे घरं बदलत असतात. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘जे बघाल त्याचेच पैसे’ असा नियम आला. त्यात काहीही बघण्याआधीच १३० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते उंबऱ्यातून आत यायचे. हे सगळं माफ. आषाढी माफ नाही.

काल पहाटे पंढरपुरात शासकीय महापूजा होती. ती अडीचच्या सुमाराला सुरू होते, मुख्यमंत्री सपत्नीक बसतात, आणि सह्याद्री वाहिनीवर ती थेट दिसते. आईला मुख्यमंत्र्यांशी देणंघेणं नाही. ते बदलत असतात. ती जागते ते शेजारी बसलेल्या मानाच्या वारकरी जोडप्यासाठी. दर्शनाच्या रांगेतून आलेलं, आदल्या रात्री आठ वाजता आपल्या नशिबात हे आहे याची गंधवार्ता नसलेलं. त्यांचं गाव कोणतं, वारी किती वर्षांची, बाईनं पातळ कोणतं नेसलंय, हे सगळं आई टिपून ठेवते आणि मग आठवडाभर शेजारणींना नात्यातल्या माणसांचं सांगावं तसं सांगत बसते. गुडघे चालत होते तोवर ती स्वतः नारायणपूरवरून सासवडला जायची, माउलींची पालखी तिथं दोन रात्री मुक्कामाला असते तेव्हा. आता तिची वारी खुर्चीपासून टीव्हीपर्यंत उरली आहे. सहा फूट. त्या सहा फुटांतही आपण आडव्या आलात.

दोनला उठून तिनं अंघोळ केली. टीव्हीपुढं पाट मांडला, पाटावर तांब्या, बुक्का, तुळशीची मंजिरी. आणि विशेष म्हणजे लाईट होती. आषाढात, पहाटे दोन वाजता, पाऊस डोक्यावर असताना लाईट होती! मी मनात म्हटलं, आज पांडुरंगाच्या मनात आहे. पूजा सुरू झाली, कॅमेरा त्या जोडप्याकडे वळला, निवेदिकेनं त्यांच्या गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि पत्र्यावर सर आली. आधी आवाज तुटला. मग त्या बाईच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. हिरव्या पातळाचे चार चौकोन उजवीकडे सरकले आणि तिथंच थिजले. मग निळा पडदा. ‘सिग्नल उपलब्ध नाही. कृपया प्रतीक्षा करा.’

प्रतीक्षा करा! अठ्ठावीस युगं विटेवर उभ्या असलेल्याच्या पूजेत आम्हाला प्रतीक्षा शिकवता?

आता आपण-बिपण पुरे. ऐक, बये.

तुला म्हणे ३५,७८६ किलोमीटरवरचं दिसतं. विषुववृत्ताच्या माथ्यावर तो उपग्रह पृथ्वीच्या चालीनंच फिरतो, त्यामुळं इथून तो एका जागी टांगल्यासारखा. म्हणून तर तुझी मान एकदा आग्नेयेला वळवून आवळली की झालं. एवढ्या लांबून येताना त्या लाटेला काही होत नाही. शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, आमच्याच ढगात शिरल्यावर, तिचा जीव जातो. कारण मला आता तोंडपाठ झालंय. तुझी लाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची. पावसाचे थेंब तिला पिऊन टाकतात, उरलेली उधळून देतात. हे उपग्रह उडवणाऱ्यांना उडवण्याआधीपासून ठाऊक होतं. थाळी मोठी केली की जरा जास्त पाऊस पचतो, हेही ठाऊक होतं. पण साठ सेंटिमीटरची थाळी स्वस्त पडते, गाडीत जास्त मावतात. म्हणून जिथं वर्षाकाठी चार शिंतोडे पडतात तिथंही तीच, आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात, जिथं पाऊस आला की समोरचं झाड दिसत नाही, तिथंही तीच. चार महिने कोसळणाऱ्या मुलखाला पावसात आंधळी होणारी वस्तू विकायची आणि पैसे बारा महिन्यांचे मोजून घ्यायचे. भाताची खाचरं भरली नाहीत तर आम्ही गेलो, आणि ती भरायला लागली की तू गेलीस. मागणं मागायचं तरी कुणाच्या बाजूनं?

तोंड आग्नेयेला, म्हणजे तुझी पाठ कुणाकडे झाली, कळतं का तुला? वायव्येला. सिंहगडाला पाठ करून उभी आहेस तू.

सरळ रेषेत वीस किलोमीटरही नसेल गड. १९७३ पासून तिथल्या टॉवरवरून मुंबई दूरदर्शनचं चित्र या सगळ्या टापूवर यायचं. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि वडिलांनी लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. कौलांवर लोखंडी पाइप, पाइपावर अँटेना. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा तो सांगाडा १९२६ च्या सुमाराला यागी आणि उदा या दोन जपानी माणसांनी काढलेला. वडील त्याला बोंबलाचा काटा म्हणायचे. काट्याचं तोंड गडाकडे करायचं एवढं एकच शास्त्र. वडील कौलांवर, मी अंगणात, आई चुलीपुढून टीव्हीवर नजर ठेवून.

“आलं का?”
“नाही!”
“आता?”
“आलं, आलं, आलं... गेलं!”

दर रविवारी आळीभर हाच गजर. काट्यावर कावळा बसला की प्रदीप भिड्यांच्या बातम्यांना मुंग्या यायच्या. एका रामाचे दोन राम दिसायचे, एक गडावरून थेट आलेला आणि दुसरा डोंगरावर आपटून जरा उशिरा पोचलेला. पण राम जायचा नाही. पावसाचं तर त्या लाटांना काही वाटायचंच नाही. मीटरभराहून लांब लाट, तिला थेंबाची काय मातब्बरी? जे बिघडायचं ते माणसासारखं बिघडायचं, हळूहळू, खरखरत, आधी कान मग डोळे. तुझ्यात ते मधलं काही नाहीच. आकडे पुरेसे पोचले तर सोळा आणे चित्र, त्याच्या खाली एक पायरी घसरलीस की निळा पडदा. काल नुसत्या मुंग्या आल्या असत्या ना, तर आईनं मुंग्यांतून विठोबा बघितला असता. ऑपरेशनआधी दोन वर्षं मोतीबिंदूतून बघितलाच की तिनं.

प्रसार भारतीनं २०२२ पर्यंत देशातले बहुतेक सगळे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक बंद केले. त्यांना तरी काय बोल लावू? बघणारं उरलं होतं कोण? आमचा बोंबलाचा काटा मीच भंगारवाल्याच्या काट्यावर चढवला, तू आलीस त्याच आठवड्यात. टॉवर उभा आहे अजून. पुण्याला जाताना शिवापूरच्या आसपास डाव्या हाताला दिसतो. रविवारी गडावर पुणेकर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खातात आणि पाठीमागं तो येईल असा फोटो काढतात.

असो. तर पावणेतीनला तुझ्या माहेरी फोन लावला. आमचा कॉल त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे, हे पंधरा मिनिटं ऐकलं. मग एक पोरगा आला.

“सर, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?”
“आषाढ आहे.”
“हो सर, पण पाऊस पडतोय का?”
“पडतोय.”
“मग सर, पाऊस थांबल्यावर बॉक्स बंद करून चालू करा. आणखी काही मदत करू शकतो का?”

मी विचारलं, “तुमच्याकडे पडतोय का?” तो जरा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “माहीत नाही सर. इथं खिडकी नाहीये.” ओरडायला म्हणून भरलेला श्वास मी तसाच सोडला आणि फोन ठेवला.

मुलगा म्हणाला, मोबाइलवर लावू. रेंजची एक कांडी. चक्र फिरत राहिलं, सुदर्शनासारखं. ते बंद केलं.

मग मात्र मी खताचं रिकामं पोतं डोक्यावर घेतलं, पान्हा घेतला आणि शिडी लावली. दुरुस्तीला नव्हे. तुला उपटायलाच चढत होतो. मोबाइलची बॅटरी मारली तर तू मान वर करून गप भिजत होतीस. काठावरून पाणी ठिबकत होतं. कंपनीचं नाव कधीच धुऊन गेलंय, खालच्या पट्टीला गंज धरलाय. आणि तुझ्या नाकासमोरची ती डबी, जिच्यात सगळा सिग्नल गोळा होतो, तिला घोसाळ्याच्या वेलानं दोन वेढे घातले होते. एक तळहाताएवढं पान, पावसानं निथळणारं, बरोबर तोंडावर चिकटलेलं. वेल कुणाचा? आईचा. चैत्रात न्हाणीच्या सांडपाण्यावर तिनंच बी टोचलं होतं, आणि वर चढायला काही दिसेना म्हणून मीच सुतळीनं त्याला तुझ्या पाइपाची वाट दाखवली होती. म्हणजे पावसानं डोळे झाकायच्या आधी तोंड आम्हीच बांधलं होतं तुझं. किती दिवस ते पान मधे धरून तू चित्र देत होतीस, देव जाणे.

पान बाजूला केलं. पान्हा खिशात घातला. आणि तोंडातून आपसूक निघालं, “आलं का?”

“नाही!” खालून आईचा आवाज. “उतर आता. तुझ्या बापासारखा पाय घसरून घेऊ नकोस.”

खाली आलो तेव्हा तिनं बुक्का लावून घेतला होता आणि मंजिरी सेटटॉप बॉक्सवर ठेवली होती. निळ्या पडद्यापुढं बसून तिचं पुटपुटणं चाललं होतं. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, “पडू दे. भाताला पाहिजेच होता.”

पावणेपाचला सर थांबली आणि तू डोळे उघडलेस. पूजा संपली होती. कसल्याशा सिमेंटची जाहिरात चालली होती, छत न गळणाऱ्या. तिच्यावर आडवी पट्टी, तुमचा रिचार्ज तीन दिवसांत संपत आहे. ही पट्टी मात्र कधी चौकोनी झालेली पाहिली नाही.

मानाचं जोडपं कोणत्या गावचं होतं ते दोन शेजारणींनी आज येऊन सांगितलं. दोघींनी दोन गावं सांगितली. आई अजून मुलाला मोबाइलमधे शोधायला लावते आहे.

पैसे भरलेत. महिन्याचे. कळावे.

आपला,
खालचा

ता. क. वेल कापायचा नाही, अशी ताकीद मिळाली आहे, फुलं धरलीत. म्हणून सुतळी सोडून तो तुझ्यापासून काढला आणि चिंचेच्या फांदीकडे वळवला. येत्या आठ-दहा दिवसांत पहिली घोसाळी निघतील. भजी पाऊस लागल्यावरच तळायची असं आईनं ठरवलं आहे. टीव्ही तेव्हा तसाही बंदच असेल.